नवी केबल आठ दिवसांत पुन्हा तुटली: स्पीडोमीटर घरी दुरुस्त करता येईल का?

माळरान
नमस्कार मंडळी. गाडी १२५ सीसीची, बारा वर्षांची. मीटर काट्याचा, पुढच्या चाकातून केबल येते तो. गेल्या महिन्यात चालता चालता काटा शून्यावर पडला. केबल सोडवून पाहिली तर आतली तार वरच्या टोकापासून चार बोटांवर तुटलेली. नवी केबल आणली, मीच बसवली, काटा पुन्हा हलायला लागला. आठव्या दिवशी परत शून्य. काढून पाहते तर नवी तारसुद्धा जवळजवळ त्याच जागी तुटलेली.

काट्याबरोबर किलोमीटरचे आकडेही थांबलेत. मेकॅनिकने न उघडताच सांगितलं, "मीटर गेलाय, नवा टाका." मला तो बदलायचा नाही. गाडी वडिलांची होती. पेट्रोल भरलं की ते मीटरवरचा आकडा डायरीत लिहायचे, आता मी लिहिते. ती नोंद मधेच तुटू नये असं फार वाटतं.

हाताशी पान्यांचा संच, पक्कड, मल्टिमीटर आणि ड्रिल मशीन आहे. ब्रेक शू, चेन, ऑइल ही कामं मी घरी करते, मीटर मात्र कधी उघडलेला नाही. तिसरी केबल आणण्याआधी विचारावं म्हटलं.

अर्धा_पाना
तिसरी केबल एवढ्यात आणू नका, तीही तुटेल. केबल आपणहून अशी लागोपाठ तुटत नाही, तिला कोणीतरी तोडतं.

आधी रचना डोळ्यासमोर आणा. पुढच्या चाकाच्या हबपाशी एक छोटा डबा असतो, त्यात चाकाबरोबर फिरणारं एक चक्र आणि त्याला आडवा बसलेला वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला छोटा दांडा. त्या वर्ममध्ये केबलचं खालचं चौकोनी टोक बसतं. वरचं चौकोनी टोक मीटरच्या बुडातल्या दांड्यात. चाक फिरलं की वर्म फिरतो, तार फिरते, मीटरचा दांडा फिरतो. हे सगळं एकाच साखळीत आहे, त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हाच: काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद की एकच?

दोन्ही बंद असतील तर फिरणं मीटरच्या आत पोचतच नाही, म्हणजे केबल किंवा हबचा डबा. आकडे पळतात पण काटा मेलेला, तर दोष मीटरच्या आत काट्याच्या बाजूला. काटा ठीक पण आकडे थांबलेले, तर आतली प्लॅस्टिकची दातेरी चाकं झिजलीत किंवा दांड्यावर सैल झालीत. गाडी चालू असताना ट्रिप (एका फेरीचं अंतर मोजणारा वेगळा आकडा) शून्यावर आणायची सवय असेल तर हे दाते लवकर जातात. ट्रिपची खुंटी गाडी उभी असतानाच फिरवावी.

तुमचे दोन्ही बंद आहेत आणि तार तुटलेली दिसतेय, म्हणजे कुठे तुटलं ते कळलं. का तुटलं ते कळण्यासाठी तीन गोष्टी सांगा.

तुटलेल्या जागी तारेचा पीळ कसा दिसतो? सुटून फुगलेला की सरळ चिरल्यासारखा? तिथे गंज आहे का?

काटा बंद पडण्याआधी थरथरत होता का?

आणि मीटरमधून काही आवाज येत होता का, विशेषतः सकाळी गाडी काढल्यावर?

कोवळं_ऊन
माझ्याकडेही दोन्ही एकदम बंद पडले होते, पण केबल धडधाकट होती. मला तीन दिवस लागले शोधायला, म्हणून लिहिते.

चाकाचं पंक्चर काढल्यावर दुसऱ्याच दिवशी मीटर बंद. हबमध्ये दोन पत्र्याचे कान असतात, ते त्या डब्यातल्या चक्राच्या दोन खाचांत बसायला हवेत. चाक घालताना कान खाचांत न बसता वर टेकले आणि तसाच ॲक्सलचा नट आवळला, तर कान चेपतात. मग चाक फिरतं पण चक्र जागेवर. माझे दोन्ही कान पार आडवे झाले होते. पक्कडीने हळूहळू उभे केले, एक मुळाशी तडकला, शेवटी कानांचा तो पत्राच बदलावा लागला.

चाक बसवताना डबा हाताने थोडा मागेपुढे फिरवत हबवर दाबायचा, कान खाचांत शिरले की तो "टप्प" करून एकदम आत बसतो. तो बसला की मगच ॲक्सल घालायचा. डब्यावर एक खाच असते, ती फोर्कच्या उंचवट्याला अडकली पाहिजे, नाहीतर डबा चाकाबरोबर फिरतो आणि केबलला ओढून मारतो. माळरानताई, तुमचं चाक अलीकडे कोणी काढलं होतं का?

माळरान
कोवळं_ऊन, चाक सहा महिन्यांत काढलेलं नाही. तरी आज स्टँडवर लावून पाहिलं. केबल खालून सोडवली, चाक हाताने फिरवलं आणि डब्याच्या तोंडात टॉर्च मारला. वर्म नीट फिरतोय, अडकत नाही, दाते शाबूत. डबा फोर्कच्या उंचवट्यालाही बसलेला आहे.

अर्धा_पाना, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पीळ सुटून फुगलेला आहे, कणसाच्या तुऱ्यासारखा. गंज नाही, नव्या तारेला तर अजिबात नाही. काटा थरथरत होता, ४०च्या आसपास पाच-सात आकडे वरखाली करायचा. आणि आवाजाचं तुम्ही विचारलंत तेव्हा आठवलं. महिनाभर रोज सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर हँडलपाशी चिवचिव यायची, चिमणी ओरडावी तशी. मला वाटलं पुढचा ब्रेक. नंतर आपोआप बंद व्हायची, म्हणून सोडून दिलं.

अर्धा_पाना
तो ब्रेक नव्हता, मीटर होता. त्याने तुम्हाला महिनाभर हाका मारल्या.

मीटरच्या बुडातला दांडा पितळी बुशमध्ये, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या छोट्या नळीत फिरतो. त्या बुशमधलं वंगण वर्षानुवर्षांत सुकून डिंकासारखं होतं. थंड असताना जास्त घट्ट, म्हणून सकाळी आवाज, आणि थोडं गरम झालं की थांबतो. पुढे दांडा अडकत अडकत फिरायला लागतो. खालून चाक तार फिरवत राहतं, वरून दांडा सोडत नाही, तार स्प्रिंगसारखी पीळ साठवते आणि मग एकदम सुटते. काट्याची थरथर त्यातूनच येते. शेवटी दांडा धरूनच बसला की तार वरच्या टोकाजवळ फुगून तुटते. नव्या तारेचं तेच झालं. तारेऐवजी हबमधला प्लॅस्टिकचा वर्म सोलला गेला असता तरी नवल नव्हतं, साखळीत जे सगळ्यांत कमजोर ते आधी जातं.

खात्री करायला खर्च नाही. जुन्या तुटक्या तारेचा वरचा, चौकोनी टोक असलेला तुकडा घ्या. केबलचा नट मीटरखालून सोडवलेलाच आहे, त्या भोकात चौकोनी टोक बसवा आणि तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. चांगला मीटर इतका हलका फिरतो की बोटांना काही जाणवत नाही. चुटकी वाजवल्यासारखा झटका दिला की काटा उडी मारतो आणि लगेच शून्यावर परत येतो. घट्ट लागलं, मधेच अडलं किंवा काटा रेंगाळत खाली आला, तर दोष मीटरमध्ये.

आत काय चालतं तेही सांगतो, म्हणजे हात कुठे लावायचा नाही ते समजेल. दांड्याच्या वरच्या टोकाला चुंबक असतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी, आणि वाटीच्या दांडीवर काटा. चुंबक आणि वाटी एकमेकांना अजिबात टेकत नाहीत. चुंबक फिरला की वाटीत भोवरा प्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसाइतकी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. वेग दुप्पट तर ओढ दुप्पट, म्हणून काटा त्या प्रमाणात सरकतो. जर्मन अभियंता ओट्टो शुल्त्से यांनी १९०२ साली या तऱ्हेच्या मीटरचं पेटंट घेतलं आणि काट्याच्या मीटरमध्ये आजही मूळ कल्पना तीच आहे. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर नाहीत, ते त्याच दांड्यावरच्या दातेरी चाकांनी थेट फिरतात. म्हणून काटा चुकू शकतो, आकडे चालू असतील तर ते सहसा चुकत नाहीत.

माळरान
बोटांची चाचणी केली. फिरतच नव्हता! जोर लावल्यावर कर्रर्र करत अर्धा फेरा गेला आणि थांबला. म्हणजे मीटरच.

मग मी उत्साहाच्या भरात गंज सोडवायचा स्प्रे त्या भोकात मारला, दोन-तीन वेळा. दांडा लगेच मोकळा झाला. पण आता तारेच्या तुकड्याने झटका दिला की काटा ४०पर्यंत जातो आणि तिथेच बसतो. दहा-पंधरा सेकंदांनी मुंगीच्या पावलांनी खाली येतो. काहीतरी चुकलंय ना?

सुतळी
हो, स्प्रे वर चढून वाटी आणि चुंबकाच्या मधे गेला. तिथे फक्त हवा असायला हवी. आता मधे तेलाचा पापुद्रा आहे, त्यामुळे चुंबक वाटीला चुंबकत्वाने कमी आणि चिकटपणाने जास्त ओढतोय. असा मीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो आणि शून्यावर यायला वेळ लावतो. शिवाय तो स्प्रे जुनं वंगण धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो, महिन्याभरात बुश पुन्हा कोरडं.

भोकातून अजून काही घालू नका. मीटर उघडून साफ करावा लागेल. घाबरण्यासारखं नाही, पण संध्याकाळ मोकळी हवी आणि टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं हवं.

गाडीवरून काढताना आधी बॅटरीची ऋण तार सोडा. मग मीटरमागचे बल्ब होल्डरसकट ओढून काढा आणि कोणता रंग कुठे त्याचा फोटो घ्या.

तुमचा मीटर स्क्रूवाला असेल तर काम सोपं. काचेभोवती पत्र्याची कडा दाबून बसवलेली असेल तर पातळ स्क्रूड्रायव्हर घेऊन कडा मागच्या बाजूने थोडी थोडी उचला. एका जागी एकदम वर काढायची नाही. एक मिलिमीटर उचला, पुढे सरका, पूर्ण फेरी मारा, मग दुसरी फेरी. पाच-सहा फेऱ्यांत ती सुटते. घाईने उचललेली कडा परत बसवताना तडकते आणि पावसाचं पाणी तिथूनच आत जातं.

आता सगळ्यांत नाजूक भाग. काटा शून्यापाशी एका छोट्या खिळ्याला टेकलेला असतो. तो मुळात तिथे थांबणारा नसतो, स्प्रिंगने त्याला खिळ्यावर थोडं दाबून धरलेलं असतं. काटा बोटाच्या टोकाने अलगद उचलून खिळ्यावरून पलीकडे जाऊ द्या. तो शून्याच्या खाली कुठेतरी जाऊन स्थिर होईल. ती जागा तबकडीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून टिपून ठेवा, फोटोही काढा. तीच त्या मीटरची खरी शून्याची जागा. परत बसवताना काटा आधी तिथे बसवायचा, मग उचलून खिळ्यावरून शून्याकडे आणायचा. ही खूण केली नाही तर मीटर साफ होईल पण वेग खोटा दाखवेल, आणि नुसत्या डोळ्यांना ते कळणार नाही.

काटा काढताना वाकडा ओढू नका. तबकडीवर जाड कागद ठेवा, काट्याच्या बुंध्याखाली दोन बाजूंनी दोन चहाचे चमचे सरकवा आणि दोन्ही एकदम दाबा. तो सरळ वर सुटतो. मग तबकडीचे दोन स्क्रू. त्याखाली वाटी आणि केसासारखी स्प्रिंग दिसेल. स्प्रिंगला काहीही लागू द्यायचं नाही, चिमटासुद्धा नाही. ती एकदा वाकली की मीटर गेला.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणारा कागद. कागदाची पट्टी कापा, टोक ओलं करा, वाटी आणि चुंबकामधून सरकवून काढा. पट्टी कोरडी आणि स्वच्छ निघेपर्यंत. तबकडीवर अल्कोहोल पडू देऊ नका, छपाई निघते.

रातकिडा
मधेच विचारतो, माफ करा. माझी गाडी नवीन धाटणीची, आकड्यांचा डिजिटल मीटर, केबल नाही. वेग मधेच शून्य होतो आणि परत येतो. हल्ली लक्षात आलं की हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की जास्त होतं. बाकी मीटर ठीक, पेट्रोल, वेळ सगळं दिसतं. यात माळरान यांच्यासारखं उघडून काही करता येईल का?

पायवाट
रातकिडा, मीटर उघडू नका, तुमच्या वर्णनात मीटरचा दोष दिसतच नाही. बाकी सगळं दिसतंय म्हणजे मीटरला वीज मिळतेय. हँडल वळवल्यावर होतंय म्हणजे वायर कुठेतरी आतून तुटलीय. वायरिंग हँडलच्या मानेपाशी दर वळणाला वाकतं, त्यामुळे बाहेरचं आवरण शाबूत राहून आतले तांब्याचे धागे तुटतात.

तुमचा सेन्सर पुढच्या चाकापाशी किंवा गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटपाशी असेल, जागा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. बहुतेक सेन्सर हॉल जातीचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारे, तीन वायरी: एक पुरवठा, एक अर्थिंग, एक संकेताची. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, चावी चालू करा, इंजिन बंद. सेन्सरच्या जोडापाशी पुरवठा आणि अर्थिंगमध्ये गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्टच्या आसपास यायला हवं. मग मल्टिमीटरची सळई जोडाच्या मागच्या बाजूने संकेताच्या वायरीला लावा आणि चाक हाताने अगदी हळू फिरवा. आकडा शून्याजवळ, मग वर, मग पुन्हा शून्याजवळ, असा उड्या मारायला हवा. भराभर फिरवलं तर मल्टिमीटर मधली सरासरी दाखवतो आणि तुम्ही फसता.

सेन्सरपाशी उड्या येतात आणि मीटरच्या जोडापाशी येत नाहीत, तर वायर मधे तुटलीय. दुसऱ्याला हँडल डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि आकडा पाहत राहा. सेन्सरपाशीच उड्या नाहीत पण पुरवठा आहे, तर सेन्सर काढून त्याचं टोक पाहा. त्यावर लोखंडी कीस चिकटून दाढी झालेली असते, ती पुसून परत बसवून बघा. मग नवा सेन्सर.

एक मात्र सगळ्यांत आधी करा: जोड काढून पिना पाहा. हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

आणि हो, सेन्सर गिअरबॉक्सपाशी असेल आणि तुम्ही स्प्रॉकेटचे दाते बदलले असतील तर वेग चुकीचाच दिसणार. सेन्सरला चाकाचं माहीत नाही, तो शाफ्टचे फेरे मोजतो.

माळरान
काल रात्री उघडला. कडा पत्र्याचीच होती, सात फेऱ्या लागल्या, एका जागी बारीक सुरकुती पडली पण तडकली नाही.

काट्याची खूण केली. खिळ्यावरून सोडल्यावर तो शून्याच्या खाली साधारण एका बोटाच्या रुंदीएवढा गेला. सुतळी, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी काटा सरळ शून्यावर दाबून बसवला असता. मनापासून आभार.

आत पाहिलं तेव्हा बारा वर्षं समोर आली. चुंबकाच्या कडेला लोखंडाचा काळा भुगा, केसांसारखा उभा राहिलेला. तो चिकणमातीच्या गोळीने टिपून काढला, चुंबकावरून पुसून तो जात नव्हता. मग कागदाच्या पट्ट्या. पहिल्या चार तपकिरी निघाल्या, अकरावी स्वच्छ. वाटीच्या आत एक गोल ओरखडा आहे, म्हणजे ती कधीतरी भुग्याला घासत होती.

बुशमध्ये मेणासारखा घट्ट थर होता. दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून अल्कोहोलने तो काढला. दांडा धरून हलवून पाहिला, आडवा खेळ नाही. आता यात काय घालू? आणि किती? या वेळी विचारून करते.

अर्धा_पाना
खेळ नाही हे फार चांगलं. बुश झिजून मोठं झालं असतं तर चुंबक डुगडुगून वाटीला घासला असता आणि मग खरंच मीटर बदलायची वेळ होती.

शिलाई मशीनचं पातळ तेल, एक थेंब. सुईच्या टोकावर घ्या, दांडा जिथे बुशमध्ये शिरतो तिथे खालच्या बाजूने टेकवा आणि दांडा हाताने पन्नासेक फेरे फिरवा. तेल आपोआप आत खेचलं जातं. बाहेर जे दिसेल ते कापसाने टिपून घ्या. मीटर तबकडी वर करून रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी कागदावर डाग असेल तर तेल जास्त झालं होतं आणि ते खाली उतरलं, डाग नसेल तर नेमकं. उलटा ठेवू नका, नाहीतर तेल परत वाटीत. दातेरी प्लॅस्टिक चाकांना काही लावू नका.

काच बसवताना जुनं रबर चिरलं असेल तर कडेला सिलिकॉनची बारीक रेघ चालेल, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका. त्याची वाफ आत कोंडते आणि तांब्या-पितळेला खाते. आणि मीटरच्या बुडाला एक बारीक छिद्र असेल तर ते बुजवू नका. दमट हवा तिथूनच बाहेर पडते, बुजवलं की काचेवर आतून धुकं धरतं.

भुईचाफा
मीटर उघडाच आहे तर एक शंका. माझा मीटर पूर्ण गेलाय, जुन्या गाडीचा मीटर मिळतोय, त्यावर आकडा माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. घरीच आकडे फिरवून माझ्या गाडीइतके करता येतात का? फसवायचं नाही, खरा आकडाच लावायचा आहे.

अर्धा_पाना
तुमचा हेतू स्वच्छ आहे, तरी फिरवू नका. अनेक देशांत आकड्याला हात लावणं गुन्हा आहे आणि तुमच्यानंतर गाडी घेणाऱ्याला हेतू कळायला मार्ग नसतो. दोन्ही मीटरचे फोटो तारखेसह काढा, गाडीच्या कागदांत चिठ्ठी ठेवा: अमुक तारखेला जुना मीटर इतक्यावर थांबला, नवा इतक्यावर सुरू झाला. विकताना ती चिठ्ठी द्या. मीटर घेताना तबकडीवर कोपऱ्यात छापलेला बारीक आकडा जुन्याशी जुळतो का ते मात्र जरूर पाहा. १०००, १४०० असा काही असतो, म्हणजे एका किलोमीटरला तारेचे किती फेरे. १०००च्या जागी १४००चा मीटर लावलात तर ७० किलोमीटरच्या वेगाला तो ५० दाखवेल.

पायवाट
माळरान, काच बंद करण्याआधी मीटर खरा आहे का ते टेबलावरच तपासा, तुमच्याकडे ड्रिल आहे म्हणून सांगतो. तारेच्या तुटक्या तुकड्याचं तुटकं टोक ड्रिलच्या चकमध्ये धरा, चौकोनी टोक मीटरमध्ये. ड्रिल अगदी हळू सुरू करा. काटा वर न जाता खिळ्यावर दाबला गेला तर दिशा उलटी आहे, लगेच थांबून ड्रिलची दिशा बदला.

मग काटा ६०वर स्थिर धरा आणि घड्याळ लावा. ६०च्या वेगाला एक किलोमीटर बरोबर ६० सेकंदांत व्हायला हवा. आकडे दातांवर चालतात, काटा चुंबकावर, त्यामुळे मीटरच मीटरची परीक्षा घेतो. एक किलोमीटरला ६३ सेकंद लागले तर खरा वेग ५७, म्हणजे काटा पाच टक्के जास्त दाखवतोय. ते चालतं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही अशी अट आहे, जास्त दाखवायला मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत मुभा आहे. कंपन्या म्हणूनच काटा थोडा पुढे ठेवतात. जीपीएसशी जुळत नाही म्हणून काटा मागे आणू नका. ६० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर मात्र काटा मागे दाखवतोय, तेव्हा बंद करू नका, खूण परत पाहा.

माळरान
सकाळी कागद कोरडा होता. ड्रिल लावलं. पहिल्यांदा दिशा उलटी निघाली, लगेच थांबवलं. मग काटा ६०वर धरून तीनदा मोजलं: ६२, ६३, ६२ सेकंद. काटा आता थरथरत नाही, आणि ड्रिल सोडलं की थेट शून्यावर येतो. या चाचणीचे तीन किलोमीटर डायरीत वेगळे लिहून ठेवलेत, म्हणजे पेट्रोलचा हिशेब चुकणार नाही.

आता तिसरी केबल बसवायचीय. आतली तार कोरडीच आलीय. पूर्ण ग्रीसमध्ये बुडवू का?

सुतळी
पूर्ण नको. खालचा दोन तृतीयांश भाग, बोटांवर ग्रीस घेऊन तार त्यातून एकदा ओढा, एवढाच पातळ थर. वरची वीतभर जवळजवळ कोरडी ठेवा. पिळाची तार फिरताना स्क्रूसारखी वागते आणि ग्रीस वर मीटरमध्ये ढकलू शकते. तसं झालं की तुम्ही परत वाटीतल्या तेलापाशी.

तार आत घालण्याआधी दोन्ही टोकं दोन हातांत धरून तिला इंग्रजी यू अक्षरासारखी लोंबू द्या आणि एक टोक बोटांत हळू फिरवा. दुसरं टोक बरोबरीने फिरायला हवं. मधेच थांबून टुणकन उडी मारत असेल तर तारेला मुरड आहे, ती बदलून घ्या.

आणि केबल जुन्या वाटेनेच न्या, फोर्कच्या कड्यांतून. कुठेही वीतभर व्यासापेक्षा लहान वळण नको. प्लॅस्टिक पट्ट्या लावल्यात तर केबल आत सरकेल इतक्या सैल. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ओढ बसत नाही ना ते पाहा. वरचा नट पक्कडीने आवळू नका, हाताने घट्ट करा.

माळरान
बसवली. वरचा नट लावण्याआधी चाक हाताने फिरवून चौकोनी टोक फिरतंय ते पाहिलं, मग मीटरमध्ये सरकवलं. ते लगेच बसलं नाही, चाक अगदी बोटभर पुढे ढकलल्यावर खाचेत शिरलं.

आज चाळीस किलोमीटर झाले. सकाळी थंडीत काढली, हँडलपाशी कान लावून चालवली, चिवचिव नाही. मागे बसलेल्या भावाने फोनवर जीपीएस धरला होता: सपाट सरळ रस्त्यावर काटा ६०, फोन ५७ ते ५८. टेबलावर आलं होतं तेच.

जुनी तुटकी तार, चौकोनी टोकाचा तुकडा, हत्यारांच्या डब्यात ठेवलाय.

अर्धा_पाना
ठेवाच. दोन-तीन हजार किलोमीटर झाले की केबल वरून सोडवून त्याच तुकड्याने एकदा बोटांची चाचणी करा. ओरखडा आहे म्हणालात, म्हणून. काटा झटक्याने शून्यावर येत असेल तर नट लावून टाका.

माळरान
डायरीच्या आजच्या नोंदीखाली तेही लिहिलं.